रिहॅब मेडिसिनमध्ये काम कसं करायचं: आधी पेशंटचा अख्खा दिवस विचारा

आमच्याकडे नवीन आलेले ज्युनिअर महिन्याभरात एकदा तरी मला विचारतात की मॅडम, फिजिओथेरपिस्ट व्यायाम घेतो, न्यूरोवाले औषधं लिहितात, ऑर्थोवाले ऑपरेशन करतात, मग ह्या सगळ्यात आपण नेमकं करायचं काय. प्रश्न रास्त आहे आणि मलाही पहिलं दीड वर्ष हाच पडलेला होता. आज मी त्यांना एवढंच सांगते की आजार काय आहे ते बाकीच्यांनी शोधलेलं असतं, त्या आजारासकट ह्या माणसाचा दिवस कसा जातोय ते शोधणं आणि तो दिवस सोपा करणं हे आपलं काम. ते करायचं कसं तेच इथे लिहितेय, ज्यांना ह्या लाइनला यायचंय किंवा जे नुकतेच आलेत त्यांच्यासाठी.

आपली शाखा तशी तरुण आहे. फिजिअॅट्रिस्ट, म्हणजे रिहॅबचा डॉक्टर, हा शब्द १९३८ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर फ्रँक क्रुसेन यांनी सुचवला आणि अमेरिकेत स्वतंत्र स्पेशालिटी म्हणून मान्यता मिळाली ती १९४७ साली, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातून परत आलेल्या जखमी सैनिकांचं पुढे काय करायचं हा प्रश्न दारात येऊन उभा राहिला तेव्हा. मला ह्या सगळ्यात सगळ्यात जवळचं वाटतं ते डॉक्टर लुडविग गुटमन यांचं काम. १९४४ मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला मणक्याच्या पेशंटसाठी युनिट सुरू केलं. त्या काळात मज्जारज्जूला मार लागलेली माणसं मुख्यतः बेडसोरने (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांनी) आणि लघवीच्या इन्फेक्शनने जायची, आणि गुटमननी काय केलं तर दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलायला लावली, लघवीची नीट निगा ठेवली, आणि पेशंटला पलंगावरून उठवून कामाला आणि खेळाला लावलं. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी व्हीलचेअरवरच्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली आणि त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. कूस बदलणं हे काम इतकं साधं दिसतं म्हणून कोणी हलकं समजू लागलं की मी त्याला ही गोष्ट सांगते.

पहिल्या भेटीत काय विचारायचं

पेशंट समोर आला की फाइल बाजूला ठेवा आणि विचारा, "सकाळी जाग येते तिथपासून सांगा." मग एकेक. कूस स्वतःची स्वतः बदलता येते का, उठून बसवायला कोण लागतं, बाथरूमपर्यंत कसे जाता, दात कोण घासून देतं, बटणं कोण लावतं, खुर्चीत सलग किती तास बसता, पाणी पिताना ठसका लागतो का, दुपारी एकटे असताना फोन वाजला तर उचलता येतो का, रात्री लघवीला किती वेळा उठावं लागतं आणि तेव्हा कोणाची झोप मोडते. वीस मिनिटं लागतात, ओपीडीत बाहेर रांग असते हे मला माहीत आहे, तरीही पहिल्या भेटीला ही वीस मिनिटं द्याच कारण पुढची सगळी ट्रीटमेंट ह्यातून निघते, आणि बऱ्याच पेशंटना हे प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदाच कोणीतरी विचारलेले असतात. शेवटचा प्रश्न सांभाळणाऱ्या माणसाला विचारायचा, तुमची झोप किती होते, पाठ दुखते का. तो माणूस आजारी पडला तर पेशंट परत अॅडमिट होतो, इतका थेट संबंध आहे.

ह्याच उत्तरांमधून, पेशंट रोजची कामं किती स्वतः करतो ते मोजणारा स्कोअर भरता येतो. बार्थल इंडेक्समध्ये १० गोष्टी असतात आणि मार्क ० ते १००, फिममध्ये १८ गोष्टी आणि मार्क १८ ते १२६. तुमच्याकडे जे चालतं ते वापरा, पण नुसता आकडा लिहून थांबू नका, सोबत एक वाक्य लिहा. "बार्थल ५५ वरून ६०" वाचून पेशंटच्या मुलीला काही कळत नाही. "आधी दोघं मिळून उचलून खुर्चीत ठेवायचे, आता एकाने हात धरला की स्वतः येतात" हे वाचलं की तिलाही कळतं आणि चार महिन्यांनी फाइल उघडणाऱ्या नवीन डॉक्टरलाही.

करताना बघा, मग टेबलवर घ्या

कॉलेजमध्ये आपल्याला पेशंट आडवा करून तपासायची सवय लागते, ती इथे मोडायची. स्ट्रोकचा पेशंट असेल तर त्याला सांगा, शर्ट काढा. आणि मग गप्प बसा. नातेवाईक लगेच मदतीला धावतात, त्यांना हाताने थांबवा, दोन मिनिटं अवघड जातात पण जाऊ द्या. बघायचं काय, तर बटण सोडताना तो बसल्या जागी एका बाजूला कलतोय का, म्हणजे धडाचा तोल कसा आहे. आधी कुठली बाही काढली. डावी बाही तशीच अंगावर राहिली आणि तो "झालं" म्हणाला, तर डावी बाजू त्याच्या लक्षातच येत नाहीये, आणि हे लक्षात न येणं हात लुळा असण्यापेक्षा जास्त धोक्याचं कारण असा माणूस डाव्या बाजूच्या दाराच्या चौकटीला धडकतो. खांद्यापाशी आल्यावर तोंड वाकडं झालं तर खांदा दुखतोय. ताकद आहे पण पुढे काय करायचं तेच सुचत नाहीये, शर्ट हातात धरून नुसता बघत बसलाय, तर तो अॅप्रॅक्सिया, त्याला डंबेल देऊन उपयोग नाही. एका शर्टात एवढं सगळं दिसतं. ताकद, संवेदना, सांधे किती वळतात, कडकपणा किती, हे टेबलवरचं सगळं त्याच्यानंतर.

खांद्याचं अजून एक. लुळ्या हाताला धरून पेशंटला ओढणं किंवा काखेत हात घालून उचलणं ही चूक घरचे करतात, वॉर्डबॉय करतात आणि घाईत डॉक्टरही करतात. स्नायू सैल पडल्यामुळे खांदा आधीच खाली उतरलेला असतो आणि ओढल्यावर जे दुखणं सुरू होतं ते महिनोन्महिने हटत नाही. म्हणून धरायचं कसं हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना स्वतः करून दाखवा, पोस्टर लावून कोणी शिकत नाही.

कडकपणा दिसला की लगेच इंजेक्शन काढू नका

ह्याच्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण इथे माझ्याच हातून एकाचं नुकसान झालंय.

शिकत असतानाची गोष्ट. एक काका होते, मज्जारज्जूच्या आजाराने दोन्ही पाय कडक, मांडीच्या पुढच्या स्नायूला मॉडिफाइड अॅशवर्थवर ३ ग्रेड (ही कडकपणा मोजायची स्केल ०, १, १+, २, ३, ४ अशी जाते). मी बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन दिलं, डोस बरोबर, जागा बरोबर. दोन आठवड्यांनी तपासलं तर गुडघे छान सैल, मी खूश. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "डॉक्टर, आधी मी एकटी ह्यांना खुर्चीतून पलंगावर घ्यायचे, आता पाय उभेच राहत नाहीत, शेजारच्यांना हाक मारावी लागते." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तो कडकपणाच त्यांचे गुडघे ताठ ठेवत होता, त्याच्याच जोरावर ते ते दहा सेकंद उभे राहत होते आणि तेवढ्यात काकू त्यांना फिरवून घेत होत्या. ह्या औषधाचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो आणि उलटवायला काही नसतं. ते तीन महिने त्या बाईंनी कसे काढले हे मला अजून आठवतं. मी त्यांचा गुडघा तपासला होता, पण ते पलंगावर कसे जातात हे एकदाही करून दाखवा म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून सुई हातात घेण्याआधी मी तीन गोष्टी विचारते. हा कडकपणा कोणाला त्रास देतोय, पेशंटला, सांभाळणाऱ्याला की फक्त मला? तो कुठल्या कामाला उपयोगी पडतोय का? आणि सैल झाल्यावर नक्की काय जमायला हवंय, म्हणजे मूठ उघडून तळवा धुता यावा, मांड्या फाकवून स्वच्छता करता यावी, टाच जमिनीला टेकावी, असं एक ठरलेलं काम. काम ठरलं नसेल तर इंजेक्शन नाही. आणि दिलंच तर पुढचे काही आठवडे स्ट्रेचिंग, स्प्लिंट, सराव हे लागूनच ठरवा, स्नायू सैल असतानाचा तो काळच कामाचा असतो.

दुसरं, महिनोन्महिने ठीक असलेला कडकपणा अचानक वाढला तर औषधाचा डोस वाढवण्याआधी कारण शोधा. लघवीचं इन्फेक्शन, तुंबलेला कॅथेटर, बद्धकोष्ठ, कुठेतरी सुरू झालेला बेडसोर, बोटात रुतलेलं नख, घट्ट झालेला बूट. पेशंटला दुखत नसतं कारण तिथे संवेदना नाही, शरीर मग पेटक्यांमधून बोलतं. एकदा मोजा काढल्यावर पायाच्या अंगठ्याचं पिकलेलं नख दिसलं, ते काढलं आणि पेटके आपोआप कमी झाले. आणि बॅक्लोफेन (कडकपणा कमी करणारं औषध) चालू असलेल्या पेशंटला ते स्वतःहून एकदम बंद करायचं नाही हे प्रत्येक भेटीत सांगा, अचानक थांबवलं तर भास होतात, फिट येऊ शकते, पंपातून औषध जात असेल तर जिवावरही बेततं.

एक इमर्जन्सी जी आपल्यालाच ओळखावी लागते

मज्जारज्जूची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर असलेला पेशंट, अचानक डोकं फुटेल असं दुखतंय, चेहरा लाल, घाम, आणि बीपी १५०. इमर्जन्सीतल्या डॉक्टरला १५० फार वाटत नाही, पण अशा पेशंटचं रोजचं वरचं बीपी ९० ते ११० असतं, म्हणजे ही उडी मोठी आहे. हा ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया, म्हणजे इजेच्या खाली काहीतरी खुपतंय आणि त्यामुळे बीपी बेकाबू चढतंय. आधी त्याला उठवून बसवा, पाय खाली सोडा, पट्टा, मोजे, पोटाचा बेल्ट सैल करा. मग कॅथेटर बघा, मुरगळलाय का, तुंबलाय का, कॅथेटर नसेलच तर जेली लावून घालून लघवी काढा. तेही नसेल तर शौच अडकलंय का बघा, पण आधी भूल देणारी जेली लावून थोडं थांबून, नाहीतर बीपी अजून चढतं. दर दोन ते पाच मिनिटांनी बीपी घेत राहा, आणि वरचं १५० च्या खाली येत नसेल तर लवकर चढणारं आणि लवकर उतरणारं औषध द्या आणि कारण शोधणं चालू ठेवा. डिस्चार्जच्या वेळी हे सगळं एका कार्डावर लिहून पेशंटच्या खिशात द्या, कारण तो रात्री कुठल्या तरी दुसऱ्याच हॉस्पिटलमध्ये पोचेल आणि तिथे समजावून सांगायला तुम्ही नसाल.

लघवीचं थोडक्यात सांगते. कायमची नळी ठेवण्यापेक्षा दिवसातून चार-सहा वेळा स्वच्छ हाताने नळी घालून मूत्राशय रिकामं करणं बहुतेकांना बरं पडतं, एका वेळी ५०० मिलीच्या वर साठू द्यायचं नाही, आणि हे शिकवताना दार बंद करा, पडदा नाही, दार.

"मी परत चालेन का?"

हा प्रश्न येणारच, बहुतेक वेळा राउंड संपून तुम्ही पाठ फिरवल्यावर येतो. उभ्याने उत्तर देऊ नका. खुर्ची ओढून बसा, आणि आधी विचारा की तुम्हाला आतापर्यंत कोणी काय सांगितलंय. मज्जारज्जूच्या इजेत पहिल्या दिवसाच्या तपासणीपेक्षा ७२ तासांनंतरची तपासणी जास्त भरवशाची असते, आणि गुदद्वाराजवळची संवेदना शिल्लक आहे की नाही ह्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं, त्यामुळे ती तपासणी लाजेखातर टाळू नका. स्ट्रोकमध्ये सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत दिसते, नंतरही होते पण सावकाश. पहिल्या काही दिवसांत बोटं थोडी जरी स्वतःहून उघडत असतील तर हाताबद्दल आशा धरायला जागा असते.

मी सांगते ते असं, की आज काय दिसतंय, पुढचं कधीपर्यंत स्पष्ट होईल, आणि तोपर्यंत आपण काय करणार. "कधीच नाही" पहिल्या आठवड्यात म्हणत नाही आणि "सगळं ठीक होईल" तर अजिबात नाही, कारण हे वाक्य ज्याने ऐकलंय तो घरात रॅम्प करून घेत नाही, व्हीलचेअर नको म्हणतो, आणि सहा महिने पलंगावर काढतो.

मग त्यालाच उलट विचारते, चालून पहिल्यांदा कुठे जायचंय? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. एक शिक्षक म्हणाले, "रात्री बायकोला न उठवता बाथरूमला." ह्याला चालणं लागतच नाही, पलंग आणि खुर्चीची उंची एक केली, एक धरायचा दांडा बसवला, ट्रान्स्फरचा, म्हणजे पलंगावरून खुर्चीत जाण्याचा सराव घेतला आणि तीन आठवड्यांत ते जमलं. चालण्याचं काम बाजूला सुरूच होतं. पण त्या तीन आठवड्यांनंतर ते व्यायामाला स्वतःहून लवकर यायला लागले. स्ट्रोकनंतर साधारण तिघातल्या एकाला डिप्रेशन येतं, तेव्हा जो पेशंट "प्रयत्नच करत नाही" त्याला आळशी ठरवायच्या आधी मूड विचारा, झोप विचारा.

टीमबरोबर

"फिजिओ चालू करा" हे प्रिस्क्रिप्शन नव्हे. निदान काय, कशाची काळजी घ्यायची (पायावर वजन किती टाकायचं, हार्ट रेट कुठे थांबवायचा, फिट येते का, गिळताना ठसका आहे का), कुठलं काम जमायला हवंय, आणि परत कधी बघणार, एवढं लिहिलं की थेरपिस्ट तुमच्याशी बोलायला लागतो. आणि तो म्हणाला की स्प्लिंट चुकतोय तर ऐका, तो त्या हाताबरोबर रोज पाऊण तास असतो.

आठवड्याच्या मीटिंगला रात्रपाळीच्या सिस्टरचं म्हणणं आवर्जून मागवा, त्या स्वतः येऊ शकत नसतील तर वहीत लिहून. आमच्याकडे एका मुलाबद्दल सगळे म्हणत होते की थेरपीत लक्ष नसतं, झोपा काढतो. सिस्टरनी लिहिलं होतं, पहाटे तीनला पायात पेटके येतात, मग तो जागाच असतो. औषधाचा मोठा डोस दुपारचा रात्रीवर आणला, एवढंच केलं, आणि चार दिवसांत तक्रार संपली.

घरी पाठवण्याआधी टेपने घेतलेली मापं आणि मोबाइलवर काढलेले फोटो मागवा. दार निदान ८० सेमी मोकळं हवं, व्हीलचेअर वळवायला साधारण १५० सेमी जागा, रॅम्पचा उतार १ ला १२, म्हणजे १५ सेमीच्या पायरीला १८० सेमी लांबीचा रॅम्प. पेशंट आठ आठवडे घाम गाळून खुर्ची चालवायला शिकतो आणि घरच्या बाथरूमचं दार ६० सेमीचं निघतं, हे शेवटच्या दिवशी कळू देऊ नका.

करिअरचं म्हणाल तर

ट्रेनिंग देशागणिक कमीजास्त असतं, पण एमबीबीएस किंवा तत्सम डिग्रीनंतर साधारण तीन ते पाच वर्षं धरून चाला. ह्या काळात सुईची कामं शिका, म्हणजे ईएमजी (नसा-स्नायूंची विजेची तपासणी), अल्ट्रासाउंड बघत दिलेली इंजेक्शन्स, बोट्युलिनम. पण ती येतात म्हणजे रिहॅब येतं असं समजू नका, महिनाभर तरी अर्धा दिवस ऑर्थोटिस्टच्या (हातापायाचे आधार बनवणाऱ्याच्या) वर्कशॉपमध्ये उभे राहा, प्लास्टर कसं घेतात, कृत्रिम पायाचं सॉकेट कुठे टोचतं, हे डोळ्याने बघा. पुढे वाटा भरपूर आहेत, मणका, मेंदूची इजा, सेरेब्रल पाल्सीची मुलं, अँप्युटेशन, खेळाडू, दुखणं, कॅन्सरनंतरचं रिहॅब. घाईने ठरवू नका. मला मुलांचं करायचं होतं आणि मी मणक्यात रमले.

नोकरी घेताना मोठं नाव बघण्याआधी विचारा की ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं शिकवणारा) आणि स्पीच थेरपिस्ट पूर्णवेळ आहेत का, सोशल वर्कर आहे का, तुमच्या नावावर बेड आहेत की फक्त दुसऱ्यांच्या वॉर्डात जाऊन मत द्यायचंय. ह्याची उत्तरं गोलगोल मिळाली तर जरा थांबा. आणि रेफरल उशिरा येतात म्हणून चिडण्यापेक्षा स्वतः आयसीयूत जा, पायाच्या घोट्याला आधार, खांद्याखाली उशी, कूस बदलायचं वेळापत्रक हे बेशुद्ध पेशंटलाही लागतं, आणि तिथे एकदा तुमचा उपयोग दिसला की पुढचा फोन आपोआप येतो. पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरला एक पानाचं पत्र नक्की लिहा, पहिल्या ओळीत पेशंट आता काय करू शकतो ते.

फॉलोअपला पेशंटला त्याच्या खुर्चीसकट, कुशनसकट, बुटांसकट बोलवा. कुशनखाली हात घालून बघा, तळाला लागतंय का. बूट उलटा करून बघा, तळ कुठल्या बाजूला झिजलाय. बसायच्या हाडांवरची कातडी उजेडात बघा, लाली असेल तर दाब काढून थोड्या वेळाने परत बघा, काळ्यासावळ्या कातडीवर लाली दिसत नाही तेव्हा हाताने गरम लागतंय का, कडक लागतंय का ते बघा. मग पेन काढा आणि परत पहिल्यापासून विचारा, सकाळी जाग येते तिथपासून सांगा.